प्रमुखाचा दुखवटा

तेफाला बेटावर ज्याला पाठ टेकायला खांब नाही, त्याला सभेत तोंड उघडता येत नाही. मानेआपात, म्हणजे गावाच्या सभाघरात, प्रत्येक घराण्याचा एक खांब असतो. घराण्यातला एक पुरुष त्या खांबाला पाठ लावून मांडी घालून बसतो आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो. बाकीचे मागे बसतात, जेवतात, पेंगतात आणि घरी गेल्यावर म्हणतात, आपल्या माणसाला नीट बोलताच आलं नाही.

लोटोआलाला बोलता येत होतं. बोलूनच तो बेटाचा प्रमुख झाला होता आणि तीनदा निवडून आला होता. पण ज्या खांबाला टेकून तो बोलायचा तो त्याचा नव्हता. तो त्याच्या बायकोच्या माहेरचा होता. लोटोआला मूळचा पलीकडच्या बेटावरचा. तरुणपणी मालवाहू बोटींवर खलाशी होता, तेफालाला उतरला, तेमुकीसाशी लग्न केलं आणि इथलाच झाला. जावयाला सासरचा खांब मिळतो, बायको आहे तोवर.

आणि आता तेमुकीसा गेली होती.

तिला घरासमोर, रस्त्याच्या कडेला पुरलं. त्याच दिवशी तिच्या माहेरच्या बायकांनी मानेआपातल्या खांबाला काळी चटई गुंडाळली. रीत अशी की महिन्याभरानं दुखवट्याचं जेवण घालायचं, चटई सोडायची आणि मग घराण्यानं सांगायचं की या खांबाला आता कोण टेकणार. जावयाला ठेवायचं तर ठेवतील. नाही ठेवलं तर जावयानं उठून कडेला जाऊन बसायचं, जिथं पाहुणे आणि कुत्री बसतात. जेवण होत नाही तोवर मात्र त्याला कोणी हलवायचं नाही.

लोटोआला दफनाहून परत आला, हात धुतले आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो तेमुकीसाचा नव्हता. खांबाचा होता. त्याची त्याला स्वतःलाच शरम वाटली. पण विचार गेला नाही.

त्याचा सगळा कारभार मयतांवर उभा होता. बेट लहान, लोक कमी, पण मरायचे सगळेच. तेफालावर रस्ता बांधला म्हणून कोणी मत देत नाही, रस्ता कुठे जायचा तर समुद्रातच. मत मिळतं ते तुमच्या आईच्या मयताला कोण आलं होतं आणि काय बोललं यावर. लोटोआला प्रत्येक मयताला जायचा. डबाबंद गोमांसाचं एक खोकं घेऊन जायचा आणि दुसऱ्या वाक्याला त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खोटं नव्हतं. फक्त ते कधी यावं हे त्याला कळायचं. लोक म्हणायचे, लोटोआला आल्याशिवाय मयत झाल्यासारखं वाटत नाही. त्याच्या कारकिर्दीत धक्का अर्धा बांधून झाला, बर्फाचं यंत्र आलं ते कोमट पाणी देत राहिलं आणि विमानतळ पुढच्या वर्षी होणार होता, दर वर्षी. पण एकही माणूस न रडता पुरला गेला नाही.

काय बोलायचं ते तेमुकीसा सांगायची. ती खांबाच्या मागे बसायची, हातात पंखा घेऊन. "त्याच्या होडीचं बोल," ती पुटपुटायची, की हा त्याच्या होडीचं बोलायचा. "भावांच्या भांडणाचं नको," म्हणायची, की हा ते गिळून टाकायचा. फार लांबलं की ती पंख्याच्या दांड्यानं त्याच्या पाठीत टोचायची. लोकांना वाटायचं, प्रमुखाला कुठे थांबावं हे बरोबर कळतं.

आता टोचायला कोणी नव्हतं. दफनानंतरच्या पहिल्या सभेत तो बर्फाच्या यंत्रावर बोलायला लागला आणि बोलतच राहिला. नारळाच्या सावल्या सभाघरात आल्या, पोरं रडायला लागली, एक म्हातारा उठून घरी जाऊन जेवून परत आला, तरी यंत्र अजून दुरुस्त व्हायचंच होतं. शेवटी त्याचा घसा बसला म्हणून सभा संपली.

त्या महिन्यात आपिनेलू रोज त्याच्याकडे यायचा. आपिनेलू बेटाच्या कारभारी मंडळाचा सभासद होता, त्याच्या मागे-मागे फिरायचा आणि प्रमुख हसले की दोन क्षणांनी हसायचा.

"प्रमुखसाहेब, जेवणाचा दिवस कुठला धरायचा?" तो म्हणाला.

"एवढी घाई कसली?"

"मला नाही घाई. सालेसानं डुकरं बांधून ठेवलीत म्हणे."

सालेसा तेमुकीसाचा थोरला भाऊ. मासेमारी करायचा, बोलायचा कमी.

"तो काही म्हणाला का?" लोटोआलानं विचारलं.

"मला काय म्हणणार? तुम्हाला काही म्हणाला?"

"मेव्हणा कधी मेव्हण्याशी असलं बोलतो का?"

नाहीच बोलत. तेफालावर दोन मेव्हण्यांनी मानापानाची गोष्ट समोरासमोर काढायची नसते. ती सभेत काढायची, छपराकडे बघून, म्हणजे ज्याला लागायची त्याला लागते आणि कोणी कोणाला काही बोललेलं नसतं. त्यामुळे लोटोआलाला सालेसाच्या मनातलं कळायला मार्ग नव्हता. सभेत विचारायचं म्हणजे जेवण घालायचं, आणि जेवण घातलं की चटई सुटली.

"एक उपाय आहे," आपिनेलू आवाज खाली करून म्हणाला. "फुआतीनो. वहिनींची धाकटी बहीण. तिचाही नवरा गेलाय. त्याच घरची आहे, खांब तोच."

"वेडा आहेस का? ती मला वल्ह्यानं मारील."

"मारील. पण खांब राहील ना?"

 लोटोआलाला एकदम खूप राग आला आणि मग हेही लक्षात आलं की क्षणभर, अगदी एकच क्षण, आपण हिशेब करून पाहिला होता.

त्यापेक्षा त्यानं दुसरं केलं. त्यानं जाहीर केलं की तेमुकीसा ही एका घरची नव्हती, साऱ्या बेटाची माता होती, म्हणून दुखवटा साऱ्या बेटानं पाळायचा आणि जेवणही साऱ्या बेटाच्या इतमामाला शोभेल असं व्हायचं. लोक गहिवरले. एका म्हातारीनं त्याचे हात धरले. दुखवट्याच्या इतमामासाठी डुकरं मात्र बारीक ठरली. डुकरं जाड झाली तेव्हा पुलाका, म्हणजे खड्ड्यात लावायचा कंद, अजून कोवळा होता. पुलाका तयार झाला तेव्हा जहाज उशिरा आलं आणि तांदूळ नव्हता. तांदूळ आला तेव्हा थडग्यावरचं छप्पर अजून रंगवायचं होतं आणि रंग पुढच्या जहाजानं येणार होता.

तोवर बेटावर नाच नाही, गाणं नाही, चेंडूचे सामने नाहीत, शुक्रवारचा बिंगो नाही. बिंगोचा पैसा चर्चच्या नव्या छपराला जायचा, त्यामुळे सगळ्यात आधी पाळकसाहेब आले.

"प्रमुख, आमचा प्रभू तिसऱ्या दिवशी उठला," ते म्हणाले. "तुमचा दुखवटा कधी उठायचा?"

"दुःखाला मुदत नसते, पाळकसाहेब."

"दुःखाला नसते. बिंगोला असते. पत्रे गळताहेत."

तरुण पोरं तर उघड बोलायला लागली. धक्क्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, "माझी आजी आजारी आहे रे." दुसरा म्हणाला, "तिला सांग, प्रमुखाच्या राज्यात मरू नकोस. आमची नातवंडं नाचायची राहतील."

लोटोआलानं ते ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं करणं हे कामच होतं त्याचं.

पण घरी आल्यावर काहीच काम नसायचं. घरात साखर कुठल्या डब्यात आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो एकेक डबा उघडायचा, आणि मीठ सापडलं की त्याचाच चहा करून प्यायचा, कारण पुन्हा शोधायचा कंटाळा. रेडिओ बंद पडला तेव्हा त्याला कळलं की रेडिओची बॅटरी कोणीतरी भरून आणत होतं. तो एखादं वाक्य अर्धवट बोलून थांबायचा. इतकी वर्षं उरलेलं अर्धं ती बोलायची, म्हणून त्याला आपली वाक्यं पुरी करायची सवयच नव्हती. सभेत तो इतका लांब बोलायला लागला होता, त्याचं कारण कदाचित हेच होतं. घरात वाक्य संपायचं नाही.

मग परदेशी पाहुणे आले. समुद्र किती चढला ते मोजायला असे पाहुणे अधूनमधून यायचे. टोप्या घालून, पाण्यात काठ्या रोवून, फोटो काढून जायचे. लोटोआलानं त्यांना थेट तेमुकीसाच्या थडग्यापाशी नेलं. मोठी भरती असली की समुद्राचं पाणी रस्ता ओलांडून थडग्याच्या पायरीपर्यंत यायचं, हे खरंच होतं.

"इथं माझी बायको आहे," तो म्हणाला. "उद्या ती पाण्याखाली असेल. मी पोहायला शिकलो ते तिला भेटायला यावं लागेल म्हणून नव्हे."

त्याला रडू आलं. ते अगदी पोटातून आलं होतं. त्याला वाटलं, हे पहिल्यांदाच नीट येतंय, येऊ द्यावं. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यानं पाहून घेतलं की कॅमेरेवाली बाई त्याच्या डाव्या बाजूला आहे, आणि त्याची मान आपोआप डावीकडे वळली.

पाहुण्यांनी बेटाला पाण्याच्या मोठ्या टाक्या दिल्या. आपिनेलू टाळ्या वाजवत म्हणाला, "साहेब, आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण." टाक्या उतरवून घेताना लोक म्हणाले, वहिनी मेल्या पण बेटाचं भलं करून गेल्या. काहीजण म्हणाले, चांगला बाजारभाव मिळाला.

या सगळ्यात फुआतीनोच्या मुलीचं, लीतीचं लग्न अडकलं होतं. मावशीचा दुखवटा सुटल्याशिवाय घरात लग्न करता येत नाही. मुलगा न्यूझीलंडला सफरचंदाच्या बागेत कामाला जाणार होता, आणि जायच्या आधी लग्न करून जावं असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. त्यांनी डुकरं जाड व्हायची वाट पाहिली, पुलाकाची पाहिली, जहाजाची पाहिली. रंगाची वाट पाहत असताना त्याला बोलावणं आलं आणि तो गेला. तिथे त्याच बागेत एक सामोअन मुलगी सफरचंदं तोडत होती. तिच्या घरी दुखवटा नव्हता.

ही बातमी जहाजातून आली त्या दुपारी फुआतीनो लोटोआलाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"दाजी, ताई मेलीय," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"फुआतीनो, हे काय बोलणं झालं?"

"मग तिला मरू द्या की. तिला आम्ही पुरलं, तुम्ही रोज उकरून काढताय. आज टाक्यांसाठी, उद्या कशासाठी?"

"मी जे केलं ते तिच्या मानासाठी केलं."

"तिचा मान!" फुआतीनो हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ताई असती तर तुमच्या पाठीत पंखा मोडला असता. शनिवारी जेवण आहे. डुकरं आमची, कंद आमचे. रंग नाही आला तर थडगं तसंच राहील, तिला चालेल. तुम्ही आलात तर बसा, नाही आलात तरी आम्ही जेवू."

"लीतीचं ऐकलं मी," लोटोआला म्हणाला. "मला फार..." आणि तो थांबला. वाक्याचं उरलेलं अर्धं आलंच नाही.

फुआतीनोनं थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "हं," आणि गेली.

शनिवारी सगळं बेट मानेआपात जमलं. इतक्या दिवसांनी जेवण म्हणून लोक हसतमुख आले होते आणि आत शिरताना तोंडं पाडत होते. लोटोआला काळ्या चटईला पाठ लावून बसला. जेवणं झाली. तो जरा पुढे सरकेपर्यंत बायका थांबल्या, मग त्यांनी त्याच्या पाठीमागून चटईच्या गाठी सोडल्या. उघडा खांब पाठीला गार लागला.

सालेसा मागे बसला होता. तो उठून खांबाशेजारी उभा राहिला आणि त्यानं छपराकडे पाहिलं.

"आमच्या घराण्यात," तो म्हणाला, "बोलणारं कोणी नाही. मी मासे धरतो. माझ्याकडे तीन माणसांनी एकदम पाहिलं की माझी जीभ आखडते. आत्ताही आखडलीय." कोणी हसलं नाही. "बहिणीला पुरलं त्या दिवशी आम्ही भावंडं बसलो होतो. तेव्हाच ठरवलं की हा खांब दाजींनीच टेकावा. मरेपर्यंत टेकावा. आमच्याकडून दुसरं कोण बोलणार? महिन्याभरानं जेवणाला सांगू म्हणालो. त्याआधी सांगायची रीत नाही."

लोटोआलाला ऐकू येत होतं, पण ते शब्द हळूहळू आत शिरत होते.

"मग जेवण झालंच नाही," सालेसा छपराला सांगत होता. "आम्ही थांबलो. आम्हाला वाटलं, माणूस दुःखात आहे. मग टाक्या आल्या. मग आम्हाला कळेना, हे दुःख आहे की काय आहे. आणि घरातली एक पोर बसून राहिली." त्यानं पुन्हा वर पाहिलं. "तेव्हा आता आमचं म्हणणं असं की हा खांब काही दिवस मोकळा राहू दे. आमच्या घराण्याला बोलायचं काही नाही."

तो खाली बसला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं भाषण होतं.

लोटोआला उठला आणि खांब सोडून पुढे आला. तीन निवडणुका जिंकलेला माणूस, उठताना त्याच्या डोक्यात एक वाक्य होतं आणि ते त्याला पहिल्यांदाच कोणी न सांगता सुचलं होतं. त्याला म्हणायचं होतं की मला खांब नको होता, मला तिथून उठायचं नव्हतं, कारण ती मागे बसायची. ते खरं होतं की नाही हे त्याला माहीत नव्हतं. बोलून पाहिलं असतं तर कदाचित कळलं असतं. पण तो सभाघराच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या पाठीशी काही नव्हतं. म्हाताऱ्यांनी सभ्यपणे माना खाली घातल्या, जशा ते एखाद्याचं नेसूचं सुटलं की घालतात. कोणी त्याला ओरडलं नाही. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला, मग चालत कडेला गेला आणि जाऊन बसला. एक कुत्रं उठून जरा पलीकडे सरकलं.

ज्याला सभेत बोलता येत नाही तो प्रमुख कसा राहणार? मंडळानं पुढच्याच आठवड्यात निवडणूक घेतली आणि आपिनेलू प्रमुख झाला. आपिनेलूचा खांब त्याच्या आजोबांपासूनचा होता. पहिल्याच भाषणात तो म्हणाला की मागच्या कारकिर्दीत बेट अश्रूंत बुडालं होतं, आता आपल्याला वर यायचंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुक्रवारी बिंगो झाला, पाळकसाहेबांनी स्वतः आकडे पुकारले आणि रात्रभर नाच चालला. बर्फाच्या यंत्राबद्दल नव्या प्रमुखांनी सांगितलं की पुढच्या वर्षी.

लोटोआलाकडे कोणी घर मागितलं नाही. त्यानं फुआतीनोला निरोप पाठवला की घर तुमचं आहे, मी माझ्या बेटावर परत जातो. तिचा उलटा निरोप आला की ताईचं थडगं झाडायला कोण आहे दुसरं, गप राहा. तिनं निरोपाबरोबर थोडे सुके मासे पाठवले. साखर कुठे आहे तेही सांगून पाठवलं, कारण त्याच्या मिठाच्या चहाची गोष्ट तोवर गावभर झाली होती. लीतीशी मात्र तो कधी समोरासमोर बोलू शकला नाही. ती दिसली की तो रस्ता बदलायचा आणि बेट इतकं लहान होतं की त्याला दिवसातून बऱ्याच वेळा रस्ता बदलावा लागायचा.

मग एका दिवशी, भर उन्हात, तो थडग्यावरची पानं झाडत होता. रंगाचे डबे आले होते, पण त्यानं ते उघडले नव्हते. झाडता झाडता तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. कसलंही कारण नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, कोणी आलं नव्हतं. नाक गळत होतं, आवाज वेडावाकडा निघत होता, अजिबात चांगला नव्हता. त्या आवाजाला कोणी मत दिलं नसतं.

रस्त्यावरून दोन बायका मोटारसायकलवर चालल्या होत्या, पुढची चालवत होती आणि मागचीच्या मांडीवर नीरफणसांची पिशवी होती. गाडी हळू झाली.

"अगं, बघ, लोटोआला."

"काय झालं? कोणी पाहुणे आलेत का बेटावर?"

"छे. जहाज तर मंगळवारी येणार."

"मग निवडणूक लागली वाटतं."

"निवडणूक आत्ताच झाली की."

"मग का रडतोय हा?"

पुढचीनं थोडा विचार केला. "काय माहीत," ती म्हणाली, "सवय असेल," आणि तिनं गाडीचा वेग वाढवला.